अहोंना जवळचं दिसत नाही

"अहो, झालं का तुमचं?"

ही हाक मी एका चष्म्याच्या दुकानाच्या जाळीतून आत दिली. संध्याकाळ होती, समुद्रावरून धुकं वर सरकत होतं, रस्त्यावरचे दिवे त्यात विरघळल्यासारखे दिसत होते… आणि ज्यांना हाक दिली ते अहो या जगात कुठेच नव्हते.

ही मावशीची शिकवण. मावशीने नर्स म्हणून असल्या शहरांत उभी हयात काढली. मला परदेशातली नेमणूक मिळाल्यावर आईने रडून घेतलं, तर मावशीने समोर बसवून धडे दिले. रस्त्यात फोन काढायचा नाही. पिशवी वाहनांच्या बाजूला लटकवायची नाही. एकटी राहतेस हे कुणालाही, अगदी कुणालाही सांगायचं नाही. "आणि कुणी मागावर आहे असं वाटलं, तर दिवा दिसेल त्या दुकानात तोंड घाल आणि नवऱ्याला हाक मार. मोठ्याने, आपल्या भाषेत. कुणाला कळत नाही, पण सूर सगळ्यांना कळतो."

"पण मावशी, मला नवरा कुठेय?"

"नसलेलाच जास्त कामाला येतो गं," मावशी म्हणाली. तिने स्वतः लग्न केलेलं नाही, तेव्हा या विषयात तिचा शब्द शेवटचा.

तर त्या संध्याकाळी एक स्कूटर माझ्या शेजारून दुसऱ्यांदा हळू झाली. वर दोघं. माझ्या खांद्यावरच्या विटक्या पिशवीत पितळी वजनांची पेटी होती. इस्पितळांतले आणि औषधांच्या प्रयोगशाळांतले काटे बरोबर तोलतात की नाही हे तपासणं, ही माझी नोकरी. पेटी गेली असती तर नोकरीही गेली असती. म्हणून मी जाळीला नाक लावलं आणि नसलेल्या नवऱ्याला हाक मारली.

आतून उत्तर आलं, "झालंच गं! आत ये, किती उशीर केलास?"

चक्क मराठीत! काउंटरमागे एक तरुण भिंग पुसत उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसतं बटण दाबलं. दार खर्रकन उघडलं, मी आत, दार बंद. स्कूटरवरच्या दोघांनी घटकाभर आमच्या संसाराकडे पाहिलं आणि ते धुक्यात निघून गेले.

"बसा," तो म्हणाला. 'गं' गेलं, 'बसा' आलं. "माफ करा, अगं-तुगं केलं. नवरा म्हणून अहो-जाहो करणं बरं दिसलं नसतं."

"तुम्हाला… मराठी कसं?"

"आजोबा जहाजावर होते. या बंदरात उतरले ते परत चढलेच नाहीत. पाणी हवंय?"

पाणी हवं होतं, पण अनोळखी माणसाच्या हातचं प्यायचं नाही, हाही एक धडा. मी मानेनेच नको म्हटलं. त्याने एक बंद बाटली माझ्यासमोर ठेवली आणि तो चार पावलं मागे जाऊन उभा राहिला. झाकण मी स्वतः फोडावं म्हणून. ते मला नंतर उमगलं… खरं सांगायचं तर तेव्हाच उमगलं, आणि तेव्हाच माझा काटा किंचित हलला.

"खरे अहो कुठे असतात?" त्याने सहज विचारलं.

"कामावर," मी म्हटलं. काय करणार? मावशी मानगुटीवर बसलेली.

तिथून माझा संसार सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मी आभार मानायला गेले. तिसऱ्या दिवशी चष्म्याची दांडी सैल होती म्हणून. चौथ्या दिवशी ती सैल व्हावी म्हणून मीच जरा हातभार लावला. रोज साडेपाचला काम सुटलं की पाय आपोआप त्या गल्लीकडे वळत. तो दांडी घट्ट करी, चष्मा दोन्ही हातांनी माझ्या कानांवर ठेवी, आणि बोटं कानाला लागणार नाहीत याची इतकी काळजी घेई की त्या न लागण्यानेच कान तापत.

"आज अहो कसे आहेत?"

"मजेत."

"उंच आहेत का हो?"

"दारातून वाकून येतात."

"तब्येत?"

"पहिलवानाची. आणि रागीट."

"अरे वा. चष्मा आहे त्यांना?"

"आहे ना!" मी घाईने म्हणाले.

त्याच्या डोळ्यांत धंद्याची चमक आली. "लांबचं दिसत नाही की जवळचं?"

"जवळचं."

"अच्छा…" तो भिंग पुसत म्हणाला, "म्हणजे बायको दिसत नाही."

मी खिडकीबाहेर पाहिलं. काचेत माझा लाल झालेला चेहरा होता, म्हणून परत आत पाहिलं, तर तिथे तो होता.

व्यवहार मी नीट मांडून पाहिला होता. नवरा नाही असं सांगावं, तर या शहरात मी एकटी आहे, माझ्या खोलीवर संध्याकाळनंतर माझी वाट पाहणारं कुणी नाही, हेही सांगितल्यासारखंच. जी गोष्ट प्रेमात पहिली सांगावी, तीच जीव सांभाळायचा तर शेवटपर्यंत सांगू नये! आणि गोडबोल्या माणसाला लोक उगाच भीत नाहीत. आपल्या भाषेत गोड बोलणाऱ्याला तर दुप्पट भ्यावं, असं मावशीचं मत. ताकही फुंकून प्यावं, हे ठीक. पण फुंकत बसून ताक आंबट झालं तर?

एकदा माझी ठरलेली टॅक्सी आली नाही. वाट पाहता पाहता दिवे लागले. त्याने दुकानाला कुलूप घातलं.

"चला, सोबत येतो. पण तुम्ही या फुटपाथवरून, मी पलीकडच्या."

"असं का?"

"मी चांगला माणूस आहे, हे तुम्हाला काय माहीत?"

"तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"रोज नसतं," तो हसला.

आम्ही चाललो. मध्ये रस्ता, रस्त्यात धुकं, धुक्यातून एखादी मोटार. पलीकडे त्याची सावली माझ्या चालीने चालत होती. मी थांबले की थांबे. मी मुद्दाम भरभर चालले, तर तिचीही तारांबळ उडे. घरापासून दोन वळणं आधी, मोठ्या चौकात, तो उभा राहिला.

"इथून पुढे मी येत नाही," तो पलीकडून ओरडला. "घर कोणतं ते मला कळायला नको. अहोंना नमस्कार सांगा!"

त्या रात्री मी मावशीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून मग म्हटलं, "विश्वास ठेव असं न म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं गं?"

मावशी म्हणाली, "असा मला भेटला नाही. भेटला असता तर तुला इतके धडे द्यायला मी रिकामी राहिले नसते."

दुसऱ्या दिवशी मी जरा नटून गेले. नाकारण्यात अर्थ नाही. ओढणी नवी होती. त्याने ती पाहिली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"एक सांगू? रागावू नका. उद्यापासून येऊ नका."

चष्मा माझ्या हातातच राहिला. "का?"

"रोज त्याच वेळेला येता. त्याच रस्त्याने, तीच पिशवी. बरोबर पाच चाळीसला मी घड्याळ न बघता दाराकडे बघतो. मला कळतं, म्हणजे कोपऱ्यावर उभं राहणाऱ्यालाही कळत असणार. असं ठरावीक वागू नये… या शहरात तरी."

बरोबर होतं. मावशीचाच धडा होता, आणि तो मी कित्येक आठवडे विसरले होते. कुणासाठी, ते सांगायला नको.

"एवढंच कारण?" मी विचारलं.

त्याने एक भिंग उचललं. ते स्वच्छ होतं. तरी पुसलं. "दुसरंही आहे. तुमचे अहो…"

"त्यांचं काय?"

"मला ते आवडेनासे झालेत."

दुकानात कुणी नव्हतं. भिंतीवरच्या रिकाम्या चौकटी आमच्याकडे पाहत होत्या. मी एका बाजूला मावशीचे सगळे धडे ठेवले. दुसऱ्या बाजूला ती बंद बाटली ठेवली, तो पलीकडचा फुटपाथ, आणि आत्ताचं हे 'येऊ नका'. काटा थरथरला. माझ्या धंद्यात काटा स्थिर होईपर्यंत बोट लावायचं नसतं. मी थांबले… आणि तो स्थिर झाला.

"ते नाहीत," मी म्हणाले. "कधी नव्हतेच. मी एकटी राहते."

त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तो आधी दाराकडे गेला, बंद आहे ना ते त्याने पाहिलं, आणि मग काउंटरला टेकून उभा राहिला. एकाएकी दमल्यासारखा.

"हे मला का सांगितलंस?"

'सांगितलंस'. ते ऐकून मी हसले. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"तू विचारलं नाहीस म्हणून."

"आता मला झोप लागायची नाही."

"मग काय करायचं? येऊच नको?"

त्याने हात पुढे केला. मध्यावर थांबवला, काचेच्या काउंटरवर पालथा ठेवला. पुढचं अंतर माझ्यावर सोडलं. मी ते कापलं. त्याची बोटं भिंगं पुसून पुसून मऊ झाली होती, आणि थंड. हळूहळू ऊब धरत गेली.

"सकाळी ये," तो म्हणाला. "नाहीतर दुपारी. एखाद्या दिवशी येऊच नकोस. कधी मागच्या गल्लीने, कधी टॅक्सीने दारात उतर. कुणाला अंदाज लागता कामा नये. मलासुद्धा."

"आणि तू दिवसभर दाराकडे बघत बसणार? गिऱ्हाइकांचे नंबर चुकतील."

"चुकू देत." बाहेर धुकं काचेला टेकलं होतं. त्याने माझा हात उचलून क्षणभर आपल्या मिटल्या डोळ्यांवर ठेवला.

"कधी येणार ते सांगू नकोस… पण ये."