माणसांचा लोड

"तुम्ही उतरा."

"इथं? पाण्यात?"

अंबाझरीच्या धक्क्यापासून बोट जेमतेम चार हात पुढं गेली होती आणि तिचं जुनं इंजिन धापा टाकायला लागलं होतं. गोपिकानं माणसांवरून नजर फिरवली आणि सगळ्यांत दांडगा गडी हेरला. बेलबॉटम, हातात शेंगदाण्यांचा पुडा, आणि वर हसणं!

"धक्क्यावर उतरा म्हणून राहिली मी. लोड झाला का इंजिन दम सोडते."

"मंग माणसं काहून उतरवता? इंजिनले दवा द्या ना."

"डॉक्टर आहात काय तुम्ही?"

"ट्रकांचा. वाडीले गॅरेज आहे आपलं."

तो गडी, शालिकराम, उतरला खरा, पण दुसऱ्या दिवशी पान्यांची पिशवी घेऊन हजर! गोपिकाच्या बाबांना, रुपरावांना, देव पावल्यासारखं झालं. रविवारी बोटीला गिऱ्हाईक यायचं होतं. भरल्या बोटीनं तोवर तलाव पार केला तर ठीक, नाहीतर बोट विकायची आणि भिवापूरला काकांच्या शेतात मिरच्या तोडायला जायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. गोपिकाचं मिरच्यांशी काही वाकडं नव्हतं. पण तलाव सुटणार... आणि भिवापुराहून वाडीही फार लांब पडणार, हे तिच्या आताच कसं लक्षात आलं कोण जाणे!

रोज संध्याकाळी गॅरेज सुटलं की तो सायकल दामटत यायचा. त्यानं पंख्यात अडकलेलं शेवाळ काढलं, फिल्टर धुतला. रिकाम्या बोटीत इंजिन गुणी बाळासारखं चालायचं. रेतीची पोती भरून निघालं की मधल्या पाण्यात पुन्हा तीच घरघर. मग वल्ही मारत परत यायचं... एक वल्हं त्याच्या हातात, एक तिच्या. सुकाणूवरचे रुपराव तेवढा वेळ पाठ करून लांबची झाडं बघत बसायचे.

"लई हळू मारून राहिल्या तुम्ही," तो म्हणायचा.

"मले घाई नाही."

बोलून गेली, आणि मग कानापर्यंत लाल झाली. त्यानं मुद्दाम वल्ह्याचं पाणी तिच्यावर उडवलं. गार शिंतोडे गालावर आले, तरी तिनं ते पुसले नाहीत.

शनिवारी शेवटचा प्रयत्न. मधल्या पाण्यात इंजिन घरघरलं आणि शालिकरामनं डिझेल आहे की नाही बघायला टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! हवा आत गेली आणि दोन क्षणांत इंजिन असं मोकळं झालं की रुपराव पडता पडता वाचले.

शालिकरामनं झाकण उजेडात धरलं. वरच्या बारीक भोकात तेलात कालवलेलं कुंकू दगडासारखं घट्ट बसलं होतं.

"हे कोणं केलं?"

गोपिकाचा चेहरा उतरला. खंडेनवमीला इंजिनाची पूजा तिनंच केली होती. झाकणावर अगदी मधोमध, अंगठ्यानं दाबून टिळा लावला होता, आणि बाबांना तो पुसूही दिला नव्हता.

"इथून हवा जाते, तेव्हा डिझेल खाली उतरते," तो म्हणाला. "रिकाम्या बोटीले थोडकं लागते, भागून जाते. लोड आला का जास्त लागते, अन् वरून हवाच नाही! श्वास कोंडला ना बिचाऱ्याचा."

"म्हणजे... माह्याच हातानं?"

"मायेनंच लावलं ना? पुढच्या वर्षी जरा बाजूले लावा."

ती हसली, आणि लगेच तिचं लक्ष त्याच्या हातांकडं गेलं. तो तारेनं भोक साफ करत होता, पाने पिशवीत टाकत होता. इंजिन बरं झालं. आता हा कशाला येतो इकडं!

"मंग... झालं काम?"

"कुठं झालं? पोत्यांवर माहा भरोसा नाही. उद्या माणसांचा लोड पाहिजे." तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "तो मी आणतो."

रविवारी सकाळी धक्क्यासमोर ट्रक थांबला. आधी शालिकरामची आई देवकीबाई उतरल्या, मग दोन मावश्या, आत्या, बहीण, जावई... सगळ्या बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, आणि आत्याच्या हातात नारळ! गोपिकाच्या हातांना कोपरापर्यंत डिझेल.

"सांगायचं नाही काय मले?" ती दातांवर दात ठेवून पुटपुटली.

"लोड आणतो म्हटलं होतं की!"

गिऱ्हाईक धक्क्यावर उभं राहिलं आणि बोट गच्च भरून निघाली. मधलं पाणी आलं... गोपिकानं डोळे मिटून घेतले. इंजिन साधं खोकलंही नाही. पलीकडचा काठ शिवून बोट परत आली, तेव्हा रुपरावांनी गिऱ्हाइकाला लांबूनच हात जोडले.

देवकीबाईंनी गोपिकाचा काळा हात आपल्या हातात घेतला. "पोरी, आमचा लोड लई आहे वं. झेपते काय तुले?"

गोपिकानं शालिकरामकडं पाहिलं. एरवी हसणारा दांडगा गडी आज घामाघूम होऊन शेंगदाण्यांचा पुडा चुरगाळत होता.

"झेपते," ती म्हणाली. "फक्त यांले सांगा, आता उतरायचं नाही."