पाठमोरी पेटी

"पाठ फिरव, मुक्ते. पाठ फिरवल्याशिवाय पेटी पुढे करायची नाही."

तुळशीला पाणी घालून हात जोडले की मावशीचा हा आवाज मुक्ता पाटणकरांना अजूनही ऐकू यायचा. मावशी देवळाच्या धर्मार्थ दवाखान्यात औषधं द्यायची. पुडी रोग्याच्या हातात ठेवायची, भिंतीकडे तोंड करायची आणि हात मागे नेऊन पितळी पेटी धरायची. कुणी नोट टाकली, कुणी काहीच टाकलं नाही, कुणी लाजेपोटी सुपारी टाकून नुसता आवाज केला, मावशीने कधी पाहिलं नाही. तरी दवाखाना चालला. "माणूस आपल्याला तोंड दाखवायला येत नाही गं," ती म्हणायची, "औषधाला येतो."

मुक्ताताई गणित शिकल्या, राज्याच्या वित्त विभागात लागल्या, आणि नोटा-नाणी बंद होऊन सगळा व्यवहार कार्डांवर आला तेव्हा मावशीची ती पाठ त्यांनी यंत्रात उतरवली. पैसे कुणी दिले ते न दाखवणाऱ्या त्या कार्डाला त्यांनी नाव दिलं 'मूठ'.

निमखेडच्या एसटी स्टँडवर, रसवंतीच्या शेजारी, एक पिवळं कपाट उभं होतं. त्यात थुंकी तपासायच्या पट्ट्या आणि क्षयाच्या गोळ्या मिळत. निमखेड हळदीचं गाव. गिरण्यांच्या पिवळ्या धुळीत सगळेच खोकायचे, आणि खऱ्या खोकल्यालाही हळदीचा खोकला म्हणून झाकायचे. कपाट बसवलं त्या दिवशी मुक्ताताईंनी हळदीच्या वखारीत बायकांची बैठक घेतली. मावशीची गोष्ट सांगितली.

"ते खरं, पण बँकेला कळणारच की," विमलबाई घुगरे म्हणाल्या. वखारीत हळकुंडं निवडण्यात त्यांचे हात कायमचे पिवळे झाले होते.

मुक्ताताईंनी पर्समधून एक बंद पाकीट काढलं आणि सरपंचीणबाईंपुढे धरलं. "यावर सही करा."

सरपंचीणबाईंनी केली. पाकीट फोडलं तर आत कार्बनचा कागद आणि त्याखाली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर सही जशीच्या तशी उमटलेली.

"चिठ्ठीत काय लिहिलं होतं, पाहिलंत?"

"न्हाई."

"पण सही तुमचीच?"

"माझीच. एवढी वाकडी दुसऱ्या कुणाची असणार?"

बायका हसल्या. मुक्ताताई म्हणाल्या, "बँक असंच करते. कार्डातलं नाणं खरं आहे अशी सही देते, पण ते कुणाच्या मुठीत गेलं ते तिला दिसत नाही. हे पाकीट आकड्यांचं आहे, एवढाच फरक. घेणाऱ्या दुकानदाराची मिळकत मात्र सरकारला दिसते. तिच्यावरचा कर त्याला चुकवता येत नाही."

"म्हंजे देणारा पडद्यात आन् घेणारा उजेडात," सरपंचीणबाई म्हणाल्या. "आमच्या मालकास्नी सांगते. दुकान त्येंचंच हाय."

बैठक संपल्यावर विमलबाईंची मुलगी ईश्वरी गाडीपर्यंत मागे आली. पदराआड खोकली, मग हळूच म्हणाली, "ताई, नक्की न्हाई ना कळणार? माझं लगीन ठरलंय."

"नाही कळणार. आणि तुझ्या गोळ्या चुकणार नाहीत. माझा शब्द."

पुढचं सगळं मुक्ताताईंच्या अपेक्षेपेक्षाही चांगलं झालं. लोक न घाबरता पट्ट्या घेऊ लागले. कुठल्या गावात किती खपल्या, एवढंच मुंबईला कळायचं. नाव एकही नाही. पण तेवढ्यावरून नकाशावर लाल ठिपके उमटायचे, आणि रोग हाताबाहेर जाण्याआधी डॉक्टर त्या तालुक्यात पोहोचायचे. दुकानांचा कर वाढला. लोकांची नावं सांभाळायला पहारे लागत नव्हते, कारण चोरीला जाण्यासारखं सरकारजवळ काही नव्हतंच. सरकारने डोळे मिटले होते म्हणून त्याला नीट दिसत होतं.

मग आरोग्य विभागात नवे संचालक आले, श्रीरंग दाभोळे. माणूस वाईट नव्हता. हेच मुक्ताताईंना पुढे जास्त छळत राहिलं.

"मॅडम, नुसता ठिपका घेऊन मी काय करू?" ते म्हणाले. "नाव कळलं तर घरपोच पोषणाचा डबा देता येईल. तूप, खजूर, शेंगदाणे. यात वाईट काय आहे?"

"नावं नाहीत, म्हणून तर आकडा खरा आहे साहेब."

"आकडा आहे, पण माणूस कुठे आहे?"

"माणूस औषध घेऊन घरी गेलाय."

दाभोळे हसले. "तुम्ही फार सात्त्विक आहात. एक छोटीशी खिडकी, तीसुद्धा फक्त औषधाच्या कपाटांपुरती. बाकी तुमची मूठ झाकलेलीच."

मुक्ताताईंनी विरोध लेखी दिला. तो वाचला गेला, कौतुकाचा शेराही मिळाला, आणि कार्डांची नवी आवृत्ती निघाली. बंद पाकिटाला खिडकी पडली: कपाटाला कार्ड टेकवलं की नाव आरोग्य विभागाकडे जाऊ लागलं. गावात कुणाला याचा पत्ता नव्हता.

निमखेडला आरोग्य विभागाची पांढरी गाडी गेली ती भर दुपारी, गिरण्यांना जेवणाची सुट्टी असताना. कर्मचारी उत्साही होते. त्यांनी भोंग्यावर नावं पुकारली, म्हणजे कुणाचा डबा राहायला नको. घुगऱ्यांच्या दारात थांबून त्यांनी ईश्वरीच्या हातात डबा दिला आणि फोटो काढला. गल्ली बघत होती. त्याच आठवड्यात नवऱ्या मुलाकडून साखरपुड्याची अंगठी परत आली.

त्यानंतर पिवळ्या कपाटाकडे कुणी फिरकलं नाही. जिथे एक खिडकी पडली तिथे सगळ्याच भिंतींना खिडक्या असणार, असं गावाने धरलं. किराणा दुकानातही मूठ कुणी काढेना. लोक हळकुंडं देऊन साखर नेऊ लागले, आणि खोकल्याच्या पुड्या विकणाऱ्या एका भोंदू वैद्याचा धंदाही हळकुंडांवरच चालू लागला. हळकुंडांवर कर कुठला लागायला? शेजारच्या गावांतही तेच.

मुंबईच्या पडद्यावर निमखेडचा लाल ठिपका फिका होत होत पुसला गेला.

दाभोळ्यांनी पेढे वाटले. तालुका क्षयमुक्त झाल्याचं पत्रक निघालं. मुक्ताताई त्यांना एकट्यात भेटल्या. "साहेब, रोग गेला नाही. आपण आंधळे झालो."

"मग खिडकी बंद करू, मॅडम. पुढच्या आवृत्तीत."

"आता त्यावर विश्वास कोण ठेवील?"

दाभोळ्यांनी पेढ्यांचा खोका पुढे केला. "माझा उपास आहे," त्या म्हणाल्या. उपास नव्हता. देवाच्या नावावर त्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलल्या.

दुसऱ्या दिवशी त्या निमखेडला गेल्या. विमलबाई उंबऱ्यात सूप घेऊन बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

"ईश्वरी कशी आहे?"

"हळदीचा खोकला हाय," विमलबाई म्हणाल्या. "बरा व्हतो."

आतून आला तो खोकला हळदीचा नव्हता. मुक्ताताई दारातच उभ्या राहिल्या. ईश्वरी भिंतीला टेकून बसली होती, खांदे टोचतील इतके वर आलेले. पोषणाचा डबा कोपऱ्यात तसाच, सील न फोडलेला.

"गोळ्या घेतेस ना?"

"कशा घेऊ? कपाटाला नाव द्यावं लागतं."

"अर्धवट सोडल्यास तर पुढे या गोळ्या लागूच पडणार नाहीत, ईश्वरी. जंतू त्यांना जुमानत नाहीत मग. घरच्यांनाही तोच रोग लागेल."

"ठावं हाय." तिने वर पाहिलं. आवाजात राग नव्हता, तोही शिल्लक नसावा. "तुमची मावशी पाठ फिरवायची म्हणून सांगितलं व्हतं तुम्ही. मग गाडी समोरनं कशी आली, ताई?"

मुक्ताताईंनी विचारलं, "माझ्या नावावर आणल्या तर घेशील?"

ईश्वरीने आईकडे पाहिलं. विमलबाईंचं सूप थांबलं. मग त्याच म्हणाल्या, "मागल्या दारी ठेवा. हाक मारू नका. आन् बघू नका आमच्याकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताताईंनी तुळशीला पाणी घातलं, वाती वळून पिशवीत ठेवल्या आणि आपल्या शहरातल्या पिवळ्या कपाटापुढे जाऊन उभ्या राहिल्या. कार्ड टेकवताच पडदा उजळला. रुग्णाचं नाव: मुक्ता पाटणकर. आजार: क्षय. पोषणाचा डबा लवकरच घरपोच मिळेल.

शेजारची ओळखीची बाई पडदा वाचून दोन पावलं मागे सरकली आणि पदर नाकाला लावून निघून गेली. मुक्ताताईंनी तिला थांबवलं नाही.

कपाटाने एका माणसाच्या गोळ्या दिल्या. एका कार्डावर एवढ्याच मिळतात, हा नियम त्यांनीच सुचवला होता. काल परतताना निमखेडच्या त्या एका गल्लीत कितीतरी दारांआडून तो खोकला त्यांना ऐकू आला होता. एका नावाआड किती माणसं झाकता येतील?

त्यांनी गोळ्यांचं पाकीट पिशवीत वातींखाली ठेवलं, बसमध्ये चढल्या आणि कंडक्टरकडे निमखेडचं तिकीट मागितलं. घुगऱ्यांच्या मागल्या दारी पोहोचल्यावर कुठल्या बाजूला तोंड करायचं, ते त्यांना ठाऊक होतं.