तीन हाळ्या

“रुक्माबाई, मला हाळी दिल्याबिगर काडी वढू देऊ नका,” गोजरबाई म्हणाली होती. “अन् जरा मोठ्यानं द्या. तुमचा आवाज तुमच्या महादेवालाबी ऐकू जात न्हाई.”

“देईन,” मी म्हणाले. तो रविवार होता, गेल्या वर्षीचा. माझ्या ओट्यावर बसून ती विळ्याला धार लावत होती. सकाळी गवत पेटवायच्या आधी तिला गाईपुरता एक भारा कापून घ्यायचा होता.

आमची वाडी बावीस घरांची, औंढ्याच्या पलीकडं, डोंगराच्या पोटाशी. माघात कुसळी गवत डोक्याइतकं उंच असतं आणि वाळून कागदासारखं वाजतं. डोंगराला वणवा लागला की याच गवतावरून तो घरात येतो. म्हणून आम्ही वाडीभोवती गवताचे दोन पट्टे कापून काढतो आणि मधलं गवत, वारा पडलेला असताना, आपल्याच हातानं जाळतो. पेटवायच्या आधी शेवटच्या घरानं गवताकडं तोंड करून तीन हाळ्या द्यायच्या. आत कोणी असेल तर ‘ओ’ देतं. मग ते बाहेर येईपर्यंत काडी ओढत नाहीत.

शेवटचं घर माझं.

सोमवारी पहाटेपासून संध्याकाळी दिवा लागेपर्यंत मी बोलत नाही. हे व्रत एकोणीस वर्षांचं. त्या सोमवारी तांड्यावरचा थावरा काडीपेटी घेऊन उभा राहिला. जाळपट्ट्याचं काम त्याच्याइतकं कोणाला जमत नाही. त्यानं विचारलं, “हाळी झाली का, बाई?”

थोड्या वेळापूर्वी गवताच्या शेंड्यांवरून एक भारा नाल्याकडं जाताना मी पाहिला होता. गोजरबाई बाहेर पडली असं मला वाटलं.

मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

गोजरबाई ओरडली नाही. आग मध्यावर आली तेव्हा आतून एकदाच ‘ओ’ आली. हाक मारल्यावर माणूस देतं तशी, साधी. दुपारी तिच्या नवऱ्यानं, संतरामनं, तिला घोंगडीत गोळा केलं. उचललं असं म्हणता येत नाही.

यंदा दोन्ही पट्टे गुरुवारी कापून झाले. शुक्रवारी सकाळी वारा नव्हता. मी ओट्यावरून हाळ्या दिल्या. एक. दोन. तीन.

“ओ,” गवतातून आलं.

तातेराव आमच्या वाडीचे कारभारी. त्यांनी सगळ्यांची मोजदाद केली. माणसं, लेकरं, सगळी बाहेर होती.

“वाऱ्याचा आवाज हाय,” ते म्हणाले.

“पान हलून न्हाई राहिलं, मालक,” थावरा म्हणाला. “वाऱ्यालाबी रुक्माबाईचं भ्या वाटून राहिलं काय?” दोघंतिघं हसले. संतराम हसला नाही. आवाज ओळखून तो खाली बसला होता.

कोणी नाही हे दाखवायला थावरा विळा घेऊन आत शिरला. शेंडे हलताना दिसत होते, मग थांबले. मग घाव ऐकू येऊ लागले. ओलं लाकूड तोडावं तसे, एकामागून एक, न थांबता.

तो आपल्या पायांनी चालत बाहेर आला. त्याचाच विळा त्याच्या मांडीत मुठीपर्यंत रुतला होता. तातेरावांनी तो उपसला आणि लगेच टाकून दिला. त्यांच्या तळव्याला फोड आले होते. जखमेतून रक्त आलं नाही. तिच्या कडा काळ्या झाल्या होत्या आणि भाजल्याचा वास येत होता.

“आत कोण हाय?” तातेरावांनी विचारलं.

“भारा बांधून राहिली,” थावरा म्हणाला. “म्हणली, अजून हाळी आली न्हाई.”

संतराम उठून थावरापुढं आला. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. “त्या दिवशी हाळी झाली व्हती का?”

“बाईनं मान हलवली व्हती.”

“बाईची हाळी आमी कोणीच ऐकली न्हाई. अन् रुक्माबाई खोटी मान हलवंल व्हय? एवढी देवाची बाई?”

पहिला घाव थावराच्या जबड्यावर बसला. दात मातीत पडले. थावरा हात वर न करता माझ्याकडं बघत राहिला. दुसरा घाव. तिसरा. तातेरावांनी दांडा धरला तेव्हा संतरामच्या सदऱ्यावर रक्त उडालेलं होतं. थावराचं रक्त या वेळी मात्र वाहत होतं.

माझा एक शब्द पुरला असता. तो शुक्रवार होता. तरी मी बोलले नाही.

आज सोमवार. पहाटे पूजेला बसले तर बेलाच्या पानांवर राख पडलेली. वर पाहिलं. वणवा डोंगराची धार ओलांडून खाली उतरत होता. मधलं गवत अजून तसंच उभं होतं.

“आज हाळी न्हाई की काही न्हाई,” बाहेर तातेराव सांगत होते. “चारी बाजूनं लावा. दुपारी वारा सुटला तर वाडी ऱ्हात न्हाई.”

थावरा हिंगोलीच्या दवाखान्यात पडून आहे. काडीपेटी संतरामच्या हातात होती.

मी पूजा अर्धी सोडून उठले.

“संतरामभाऊ.”

सगळे वळले. सोमवारी माझा आवाज कोणी ऐकला नव्हता.

“मान मी हलवली होती. हाळी दिली नव्हती.”

त्याच्या अंगठ्याखाली काडीपेटी चेपली गेली.

“तीन हाळ्या होईस्तोवर थांबा,” मी म्हणाले.

“इथूनच द्या.”

“इथून तिला ऐकू जात नाही.”

त्यानं चेपलेली काडीपेटी सरळ केली. “जा.”

मी चप्पल काढली. कापलेल्या पट्ट्यावर खुंट टोचत होते. गवताच्या कडेला पोचले आणि मागं वळून पाहिलं.

माझ्या ओट्यावर, मी दरवर्षी उभी राहते तिथंच, एक बाई उभी होती. डोक्यावर गवताचा भारा. गवत खांद्यापर्यंत ओघळलेलं, त्यामुळं तोंड दिसत नव्हतं.

संतरामनं तिकडं बघून विचारलं, “हाळी झाली का?”

भारा खाली झुकला आणि वर आला.

मला तीन हाळ्या द्यायच्या होत्या. मी गवत बाजूला सारून आत शिरले.