मलकापूरचं उत्तर

शाखाशाखांची कॉम्प्युटरं जोडणाऱ्या राउटरला काय चाललंय ते सविस्तर विचारायची कमांड म्हणजे डिबग. ती दिली की तो आपली प्रत्येक हालचाल पडद्यावर सांगत सुटतो, आणि भर कामात दिली तर सांगता सांगताच गुदमरून बंद पडतो. म्हणून आमच्या पतसंस्थेच्या मंगळवार पेठेतल्या ऑफिसात माझ्याबरोबर नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रसेनजीतने शिस्त घालून दिली होती: थांबवायची कमांड आधी देऊन ठेवायची, मगच डिबग. गडबड झाली की बाणाची कळ दाबून ती चटकन हाताशी येते. स्वतः तो ती दोनदा द्यायचा. "एकदा मशीनला, एकदा मनाला," म्हणायचा. आम्ही त्याची टिंगल करायचो.

दोन हजार तीन साली मलकापूरची शाखा बंद झाली. तिथला राउटर घेऊन येताना प्रसेनजीतची मोटारसायकल ट्रकखाली गेली. त्याच्या स्वेटरात गुंडाळलेला राउटर तेवढा शाबूत आला. प्रसेनजीतच्या जागी त्याची बायको दीप्ती कामाला लागली आणि राउटर स्वेटरासकट तिच्या शेजारच्या कपाटात राहिला. त्याची विजेची वायर माझ्या ड्रॉवरमध्येच पडून होती. तो तिथून हलव म्हणायचा धीर मला कधी झाला नाही.

पुढच्या वर्षी मलकापूरचा नेटवर्कवरचा पत्ता गडमुडशिंगीच्या नव्या शाखेला द्यायचा होता. तो रिकामा आहे ना हे बघायला मी पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्यावर हाक मारली. उत्तर आलं.

मी कागदपत्रं बघितली. ती लाइन टेलिफोनवाल्यांनी केव्हाच तोडली होती. पुन्हा हाक मारली, पुन्हा उत्तर आलं.

"सर, ते ऱ्हाऊ द्या," दीप्ती मागून म्हणाली. "मी रोज च्याच्या वक्ताला बघते. आमचं मालक मलकापुरात असलं की असंच कळवायचं, पोचलो म्हणून."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर हुडकतच बसला असतासा."

"कुणाची तरी चुकीची जोडणी असेल, दीप्ती."

"असू द्या की. येतंय तेवढं मला बास हाय."

मला तिचं वाईट वाटलं आणि रागही आला. असल्या गोष्टींचा मला रागच येतो. त्या भरात थांबवायची कमांड आधी द्यायची राहिली. आमच्या मुख्य राउटरला एका पत्त्यापुरतं डिबग मागायचं, ते मी सगळ्याचं मागितलं.

पडदा धावायला लागला. कळा दाबून काही होईना. फोन वाजला. एका शाखेचा कॅशियर आकाराम होता.

"साहेब, काउंटरला माणसं ताटकळल्यात. मशीन हालंना झालंय."

मी कळा बडवत राहिलो. मग हात मांडीवर टाकून नुसता बघत बसलो.

पडदा थांबला.

तळाशी थांबवायची कमांड उमटली होती. दोनदा.

फोनवर आकाराम म्हणाला, "झालं बघा चालू."

कमांड द्यायला आत कोण कोण शिरलंय, ते मी मुख्य राउटरला विचारलं. एक मी. दुसरा मलकापूरच्या पत्त्यावरून.

पुन्हा विचारलं, तेव्हा मी एकटाच होतो.

मलकापूरला हाक मारली. नुसते ठिपके आले, म्हणजे उत्तर नाही. पुन्हा मारली. ठिपकेच.

दीप्तीने कपाट उघडलं, स्वेटरात हात घालून राउटरवर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"सर," ती म्हणाली, "आज पहिल्यांदाच गार लागतोय."