आठवा ट्रे

बसा रे दोघं. उभं राहिलात म्हणून तो आकडा लवकर चढणार नाही. नवी डिस्क घातली, मशीन तिला भरायला लागलंय, आता कुठे बारा टक्के झालेत. शंभर व्हायला पहाट होईल. तोवर या रॅकला कुणी हात लावायचा नाही. तीस वर्षं मी रॅक उभे केले, केबली ओढल्या, आणि मला एवढंच कळलं की या धंद्यात अर्धं शहाणपण हात खिशात ठेवण्यात आहे.

आणि तू तोंड पाडून बसू नकोस. डिस्कचा ट्रे ओढायच्या आधी पेनानं त्यावर नंबर घातला नाहीस म्हणून ओरडलो. ओरडलो त्याला कारण आहे. ऐका.

माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, याच धंद्यातला. माझ्यापेक्षा हुशार, आणि ते त्याला माहीतही होतं. एका इस्पितळाचं स्टोरेज त्याच्याकडे होतं. तळघरात छोटी सर्व्हर रूम, एक रॅक, त्यात आठ डिस्कचं जुनं मशीन. इस्पितळात जेवढे स्कॅन निघायचे तेवढे सगळे त्या आठ डिस्कवर. गोष्ट त्यानं मला स्वतः सांगितली, एकदाच, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. त्यामुळे खरं-खोटं मला विचारू नका.

नोव्हेंबरची एकवीस तारीख. गुरुवार. रात्री अकरा चाळीसला तो तळघरात उतरला.

काम साधं होतं. आठांतली एक डिस्क गेली होती. एक गेली तर बाकीच्या सात तिचं ओझं उचलतात, मशीन चालतं, पण रडतखडत. स्कॅनचं एकेक चित्र उघडायला दोन-दोन मिनिटं लागत होती. खराब डिस्क काढायची, नवी घालायची, घरी जाऊन झोपायचं.

पण त्या रात्री वरच्या मजल्यावर सात वर्षांची एक मुलगी होती. डोक्यात गाठ. सकाळी सहाला ऑपरेशन. कुठून कापायचं आणि कुठे थांबायचं हे डॉक्टर स्कॅन बघून ठरवणार, आणि स्कॅन या मशीनवर. नवा काढायची सोय नव्हती. स्कॅनचं यंत्र त्याच दुपारी बंद पडलेलं, त्याचे भाग सुटे करून जमिनीवर मांडलेले. दुसरं यंत्र चार तासांच्या रस्त्यावर, आणि मुलीला हलवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

काय म्हणालास? आधी चित्रं दुसरीकडे उतरवून घ्यायची? जवळजवळ चारशे चित्रं, प्रत्येकाला दोन मिनिटं. कर हिशोब. सकाळचे सहा कधीच टळून गेले असते.

बॅकअप? होता ना. त्याच मशीनवर.

हसा, हसा. साडूही हसला होता, जेव्हा त्याला ते पहिल्यांदा कळलं. तीनदा लेखी दिलं त्यानं की दुसरं मशीन घ्या. वरून उत्तर आलं, हे चालतंय ना?

मुलीजवळ रात्री एकाच माणसाला राहू देत होते. आई वर. म्हणून बाप खाली आला आणि सर्व्हर रूमबाहेरच्या बाकावर बसला. भिंतींना गिलावा करणारा माणूस. नखांत सिमेंट तसंच. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की पोरीचं सगळं त्या खोलीत आहे.

"दादा, होईल ना?" त्यानं दारातच विचारलं.

"झालंच म्हणा," साडू म्हणाला. "चहा प्या तोवर."

दाराला काच होती. बाप चहा प्यायला गेला नाही. काचेतून बघत राहिला.

आता नीट ऐका, कारण ही चूक आपल्याच जातीची माणसं करतात. स्क्रीनवर आलं होतं, डिस्क तीन खराब. त्या मशीनचे खराबी दाखवणारे लाल दिवे कधीच गेलेले, त्यामुळे मोजूनच काढायची. माणूस एकापासून मोजतो. मशीन शून्यापासून. ट्रे बसायचा पहिला स्लॉट शून्य नंबरचा, म्हणजे तीन नंबरची डिस्क डावीकडून चौथी. साडूला हे माहीत नव्हतं? तो चार गावच्या पोरांना हेच शिकवत फिरायचा. पण पाठीला त्या बापाचे डोळे टोचत होते. त्यानं बोट ठेवलं. एक, दोन, तीन. आणि ओढला ट्रे.

चांगली डिस्क हातात आली. खराब तशीच आत.

मशीनचा आवाज बदलला, म्हणाला. एवढंच. आधी आठांतली एकच गेलेली होती, आता दोन झाल्या. दोन गेल्या की सात-सहा काही उरत नाही, सगळंच बसतं. स्क्रीनवरची यादी कोरी झाली. वर्षानुवर्षांचे स्कॅन, आणि त्यात ते चारशे.

बारा वाजून पन्नास मिनिटं.

त्यानं ट्रे परत घातला. मशीननं घेतला नाही. पुन्हा घातला. नाही. अशा वेळी काय करायचं असतं? हात खिशात घालायचे, खुर्चीत बसायचं, पाणी प्यायचं. त्यानं काय केलं? बोर्डावरचा मेन स्विच पाडला. खोलीतले दिवेही त्याच लाइनवर, तेही गेले. मोबाइलच्या टॉर्चमध्ये त्यानं आठच्या आठ ट्रे बाहेर ओढले. सगळे काढून पुन्हा घट्ट बसवू म्हणून. ट्रॉलीवर ओळीनं मांडले, डावीकडून उजवीकडे. नंबर घातले नाहीत. "आधी पेन, मग हात" हे वाक्य त्याचंच आहे, मी त्याच्याकडून उचललंय.

तेवढ्यात मोबाइल वाजला. डॉक्टरांचा फोन. तो वळला, गुडघा ट्रॉलीला लागला. चाकाचा खटका लावलेला नव्हता.

आठही ट्रे फरशीवर.

"काय पडलं हो?" बाहेरून बाप.

"काही नाही. रिकामे डबे."

हे सांगताना साडू मला म्हणाला, "चूक केली त्याची लाज नाही वाटत मला. पण तो माणूस 'बरं' म्हणाला. त्यानं विश्वास ठेवला माझ्यावर."

आजची मशीनं आपली डिस्क स्वतः ओळखतात, कुठेही घाला. ते जुनं होतं. जिथली डिस्क तिथेच लागायची. चुकीच्या क्रमानं घालून चालू केलं असतं, तर ते स्वतःहून दुरुस्तीला लागलं असतं आणि होतं नव्हतं ते खरवडून टाकलं असतं. म्हणजे बघू घालून, असंही करता येत नव्हतं. आठही ट्रे दिसायला एकसारखे, त्यांतला एक मेलेला, आणि मांडायचे प्रकार चाळीस हजार तीनशे वीस. बरोबर एकच. मेन स्विच वर केला असता तर मशीन आपोआप सुरू झालं असतं, म्हणून दिवेही लावता येईनात.

त्यानं कंपनीला फोन केला. सकाळी नऊ ते सहा. ओळखीच्या दोघांना केला. एकानं उचलला नाही. दुसऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डॉक्टरला सांगून टाक."

मलाही केला होता. मी झोपलो होतो. सकाळी उठून पाहिलं. दोन वाजून अकरा मिनिटांचा मिस्ड कॉल. ते मी अजून विसरलेलो नाही.

मग टॉर्चही गेला. बॅटरी संपली.

साडू फरशीवर बसला. रडला, असं स्वतः म्हणाला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून शर्टाची बाही तोंडात धरली. पॅसेजमधल्या दिव्याचा थोडा उजेड काचेतून येत होता, आणि त्यात बापाचं डोकं दिसत होतं. तो माणूस झोपत नव्हता. देव मानायची सवय साडूला नाही. पण तो म्हणाला, "कुणीही असो. काहीही घ्या. मला फक्त क्रम सांगा."

मोठ्यानं म्हणाला.

खोलीत पंखे बंद. एसी बंद. सर्व्हर रूम कधी गप्प ऐकलीय तुम्ही? मी नाही ऐकली. त्यानं ऐकली.

आणि फरशीवर... एक निळा दिवा लागला.

एका ट्रेच्या कडेला. टाचणीच्या टोकाएवढा.

तुम्ही दोघं ट्रे रोज हाताळता. सांगा बरं, ट्रेमध्ये दिवा असतो का? नसतो. दिवा मशीनच्या आत. ट्रेला फक्त प्लास्टिकची बारीक नळी, आतला उजेड पुढे आणायला. ट्रे बाहेर. मशीन मेलेलं. वीज नाही.

तो बघत राहिला. दिवा विझला नाही.

त्यानं ट्रे उचलला. गार होता, म्हणाला, हाताला लागेल इतका गार. चाचपडत पहिल्या स्लॉटमध्ये घातला. शून्य. खटका बसला. दिवा विझला.

दुसरा लागला. खुर्चीखाली.

घातला.

तिसरा.

घातला... आणि मग काहीच नाही. किती वेळ गेला त्याला माहीत नाही. काळोख. तो फरशीवर हात फिरवत होता. पाच ट्रे हाताला लागत होते आणि एकही उजळत नव्हता. अरे, थांबलास का, थांबू नकोस, असं तो म्हणत होता. कुणाला म्हणत होता?

मग टेबलावर उजेड. नव्या डिस्कची पिशवी. चंदेरी, सीलबंद, ट्रेसकट. अजून फोडलीही नव्हती.

तिच्या आतून निळं.

नंबर तीन. खराब डिस्कची जागा. तिथे नवीच हवी होती. साडूच्या अंगावर काटा आला तो इथे, कारण इथे त्याला कळलं की दाखवणारा हिशोबानं दाखवतोय. आणि तेव्हाच मनात दुसरंही आलं. जो दाखवतोय, तो बरोबरच दाखवतोय कशावरून? वरची पोर त्याला जगायला हवी आहे कशावरून?

पण विचारणार कुणाला. त्यानं दातांनी पिशवी फाडली.

चार. पाच. सहा.

राहिले दोन ट्रे. एक मेलेला. एक शेवटचा.

फरशीवर दिवा लागला नाही.

तो थांबला. भिंतीशी पाठ लावून.

एक मिनिट. दोन.

मग लागला. खोलीच्या कोपऱ्यात. रॅकच्या मागे, जिथे माणूस उभा राहण्यापुरतीच जागा होती.

फरशीवर नाही.

वर. कमरेएवढ्या उंचीवर.

हलत नव्हता... स्थिर.

तिथे टेबल नाही. फळी नाही. खिळा नाही. तो रॅक साडूनं स्वतः बसवला होता, त्याला माहीत होतं.

"कोण आहे?"

...

काचेपलीकडे बाप उठून उभा राहिला. "दादा? कुणाशी बोलताय?"

साडूला पळून जावंसं वाटलं, म्हणाला. दार चार पावलांवर होतं. पण दारात तो बाप होता. त्याच्या तोंडासमोर मोकळ्या हातांनी कसा जाणार?

तो कोपऱ्याकडे गेला. एक पाऊल. दुसरं. हात पुढे केला. ट्रेची कड बोटांना लागली.

ओढला.

आला नाही.

पुन्हा ओढला. आणि तेव्हा सुटला... जरा उशिरानं. आपण कुणाला काही देतो, त्यानं नीट धरलं का बघतो, आणि मग सोडतो. तसा.

त्यानं मागे पाहिलं नाही. ट्रे सातमध्ये घातला, भिंत धरत बोर्डापर्यंत गेला, आणि स्विच वर केला.

दिवे लागले. कोपरा रिकामा. पंखे सुरू झाले. आठ निळे दिवे, डावीकडून उजवीकडे. चार वाजून चार मिनिटांनी स्क्रीनवर यादी आली आणि यादीत ती पोर होती. चित्रं उघडत होती, झटकन. साडूनं दार उघडलं आणि त्या गिलावेवाल्याच्या गळ्यात पडला. बिचाऱ्याला काही कळेना. तोच साडूच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

मुलगी वाचली. सकाळी सहाला आत नेली, दुपारी दीडला बाहेर आणली, संध्याकाळी तिनं आईला हाक मारली. आता शाळेत जाते.

झालं, असं साडूला वाटलं. कुणाला काही सांगायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. आठ दिवसांनी डॉक्टरांनी त्याला बोलावून घेतलं. दार लावून घेतलं.

"त्या रात्री मशीनमध्ये तुम्ही काही घातलंत का?"

"नवी डिस्क," साडू म्हणाला.

"चित्र म्हणतोय मी."

स्कॅन काढला तेव्हा तीनशे शहाऐंशी चित्रं निघाली होती. रजिस्टरला तशी नोंद, टेक्निशियनची सही. ऑपरेशनच्या टेबलाशी उघडलं तेव्हा तीनशे सत्याऐंशी. वेळ नव्हता, डॉक्टरांनी शेवटचं बाजूला सारलं आणि कामाला लागले. नंतर शांतपणे पाहिलं. काढल्याची तारीख त्याच रात्रीची. वेळ, तीन वाजून बावन्न मिनिटं. तेव्हा स्कॅनचं यंत्र वर जमिनीवर सुटं पडलं होतं. नावाचा रकाना कोरा होता.

डॉक्टरांनी स्क्रीन साडूकडे वळवला.

डोकं नव्हतंच ते. हात होता. उजवा, मोठ्या माणसाचा, मनगटापर्यंत. मनगटाच्या पुढे चित्र काळं. हाडं स्वच्छ दिसत होती. चार बोटं खालून वाकलेली, अंगठा वरून दाबलेला... आणि दोन्हींच्या मधे, ट्रेच्या जाडीएवढी, मोकळी जागा.