गैरहजेरीचा फोटो

"यातल्या कुठल्या फोटोत काही फेरफार केलेत का?" डॉ. झरीना मुल्लांनी विचारलं.

कोल्हापूरच्या स्मृतिपुनर्बांधणी केंद्राच्या प्रयोगशाळेत, लांबलचक पांढऱ्या टेबलावर श्रीनिवासराव तारळेकर घरचे अल्बम मांडत होते. त्यांचा हात क्षणभर थांबला.

"फेरफार म्हणजे, रंग जरा उठावदार केलेत. कुठे प्रकाश वाढवलाय. छंदच आहे तो माझा."

"तेवढं चालेल. माणसं इकडची तिकडे केली नाहीत ना?"

"छे, छे."

काचेपलीकडच्या खोलीत त्यांची बायको मृणाल खिडकीतून बाहेर बघत बसली होती. पाच महिन्यांपूर्वी मेंदूज्वराने तिला गाठलं. ताप उतरला, हातपाय सावरले, बोलणं पहिल्यासारखं झालं, पण मागचं सगळं पुसलं गेलं. रोज चहा घेऊन येणारे हे गृहस्थ आपले यजमान आहेत, असं सगळे सांगतात म्हणून तिने ते सभ्यपणे मानून घेतलं होतं. त्यांनी कप पुढे केला की ती "थँक्यू" म्हणायची.

"आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नसते," डॉक्टर सांगू लागल्या. "पाहिलेलं मेंदूत एकीकडे असतं, ऐकलेलं दुसरीकडे, आणि त्या वेळी जे वाटलं ते तिसरीकडेच. या सगळ्यांना बांधणारे धागे असतात. मृणालताईंचे धागे जळलेत. टोकं मात्र शाबूत आहेत."

श्रीनिवासराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. "म्हणजे तलाव भरलेत, पण कालवे फुटलेत," ते म्हणाले.

"अगदी बरोबर. आमचं अनुबंधक यंत्र नवे कालवे खणतं. पण कुठून कुठे खणायचे, ते यंत्राला कसं कळणार? ते फोटो सांगतो. पेशंट फोटो बघत असताना आम्ही मेंदूला सूक्ष्म कंप देतो. पुढचे सहा तास धागे वाढत राहतात आणि फोटोत जे दिसतं त्याला जाऊन चिकटतात. फोटो हा आमचा साचा. साचा खोटा असला तर आठवणही खोटी बनते, आणि पेशंटला ती खरीच वाटते."

"आणि जे वाटलं, ते? माया, राग?"

"ते टोक सगळ्यात चिवट. ते सगळं त्यांच्या आत आहे. कोणाबद्दल आहे, तेवढं हरवलंय." डॉक्टरांनी एक अल्बम उघडला. "मूळ फाइली मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. आमची संगणकप्रणाली जोडकाम लगेच ओळखते."

"ती डिस्क खराब झाली हो," श्रीनिवासराव म्हणाले.

डिस्क घरी कपाटात सुस्थितीत होती. फोटो एकदा कागदावर छापला की त्यातले सांधे बुजतात आणि मग ते यंत्रालाही सापडत नाहीत, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पाच मिनिटांत आपण दोनदा खोटं बोललो, याची त्यांना लाज वाटली. पण खरं सांगायचं म्हणजे त्या सात फोटोंबद्दल सांगायचं. ते तोंड उघडून बोलण्याची ताकद त्यांच्यात नव्हती.

एकोणचाळीस वर्षांपूर्वी त्यांची मुलगी केतकी दोन महिने आधीच जन्माला आली, तेव्हाचे ते सात फोटो. वजन सव्वा किलो. बाळाला कोणाच्या तरी उघड्या छातीशी धरून ऊब द्यायला हवी होती, आणि मृणाल ऑपरेशननंतर दुसऱ्या वॉर्डात तापाने फणफणली होती. श्रीनिवासराव त्या वेळी हिमाचलातल्या स्पितीच्या खोऱ्यात, फोटोसाठी हिमबिबट्याची वाट बघत बसले होते. जयसिंगपूरच्या शाळेत शिकवणारी त्यांची थोरली बहीण सुमनताई रजा टाकून धावत आली आणि तेवीस दिवस रोज आठ-आठ तास तिने त्या पोरीला छातीशी धरलं. नर्सने ताईच्याच मोबाइलवर तिचे फोटो काढले.

पहिल्या वाढदिवसाला अल्बम करायचा ठरला, तेव्हा त्यातला एक फोटो श्रीनिवासरावांनी सहज गंमत म्हणून बदलला. हॉस्पिटलमधल्यासारखा अंगरखा घालून ते खिडकीशी बसले, बाळाच्या जागी उशी घेऊन स्वतःचा फोटो काढला, आणि ताईच्या धडावर आपलं धड, ताईच्या चेहऱ्यावर आपला चेहरा बसवला. मूळ फोटोत हिरव्या पडद्याची झाक हनुवटीवर पडली होती, तीसुद्धा त्यांनी हुबेहूब आणली. पाहुणे म्हणाले, "काय बाप आहे!" मग त्यांनी उरलेले सहाही केले. छापले, नातेवाइकांना पाठवले. सुमनताईने अल्बम शेवटच्या पानापर्यंत पाहिला, मिटला आणि म्हणाली, "चहा टाकतेस का गं, मृणाल?" मृणालने तो अल्बम परत कधी उघडला नाही. दोघींपैकी एकीनेही कधी एका शब्दाने विचारलं नाही.

उपचार नऊ दिवस चालले. दहाव्या दिवशी श्रीनिवासराव चहा घेऊन गेले तर मृणालने कप बाजूला ठेवला आणि त्यांचा हात धरला.

"किती हडकुळी होती हो आपली केतकी," ती म्हणाली. "आणि तुम्ही तिला उरावर घेऊन तासन् तास हलायचासुद्धा नाहीत. पाय बधिर व्हायचे तुमचे. तुम्ही होतात म्हणून पोर जगली."

बधिर झालेल्या पायांचं फोटोत काहीच नव्हतं. ताई तेव्हा संध्याकाळी मृणालजवळ येऊन, पाय बधिर झाले म्हणत ते चोळत बसायची, ते ऐकलेलं कुठेतरी शिल्लक होतं. नव्या धाग्याने ते आणून श्रीनिवासरावांच्या पायांना बांधलं होतं.

"असू दे गं," एवढंच ते बोलले.

पुढचे दोन आठवडे मृणाल त्यांच्याशी जशी वागली, तशी लग्नाच्या पहिल्या वर्षीही वागली नव्हती. संसारात तिने काही कमी केलं होतं असं नाही, पण तिच्या बोलण्यात कायम एक हात अंतर असायचं. तो तिचा स्वभाव, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. आता ते अंतर नाहीसं झाल्यावर त्यांना कळलं की तो स्वभाव नव्हता. ते खोलीत जिकडे जातील तिकडे ती कौतुकाने बघत राहायची, आणि ते चष्मा पुसायचं निमित्त करून नजर फिरवायचे. दुसऱ्याचा पुरस्कार आपण गळ्यात घालून हिंडतोय असं त्यांना वाटायचं. तरी रोज सकाळी ते थोडे लवकरच जायला लागले होते, हेही खरं.

तिसऱ्या आठवड्यात सुमनताई भेटायला आल्या. वय पंचाहत्तर, गुडघे दुखत होते, तरी बसने आल्या. पिशवीत मृणालच्या आवडीच्या खोबऱ्याच्या वड्या होत्या.

मृणालने त्यांना ओळखलं. लग्नाच्या फोटोंमध्ये त्या होत्याच. पण तिचा चेहरा कठीण झाला.

"आज वाट सापडली का?" ती म्हणाली.

ताई हसल्या. "गुडघे बघ ना गं माझे. आधीच यायला हवं होतं."

"मी गेल्या महिन्याचं बोलत नाही. माझी पोर मरायला टेकली होती, मी एकटी पडले होते, दाराकडे डोळे लावून होते. ज्यांनी यायचं ते आले नाहीत. आता वड्या कशाला आणल्यात?" तिचा आवाज चढला. "नेऊन टाका त्या. मला तोंड बघायचं नाही तुमचं!"

सुमनताईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. त्यांनी मृणालकडे पाहिलं आणि मग भावाकडे. अल्बममध्ये कोणाच्या जागी कोण बसलं होतं, हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. त्या बाहेर पडल्या.

श्रीनिवासराव मागोमाग धावले. जिन्याशी त्यांनी ताईला गाठलं.

"ताई, मी सांगतो तिला."

"कशाला?" ताई कठड्याला धरून म्हणाल्या. "बरी झालीय, हसतेय, तुझ्याशी गोड बोलतेय. मी होते ते मला माहीत आहे. मला पुरतं तेवढं."

"तुला पुरतं. मला नाही पुरत गं," ते म्हणाले आणि जिन्यातच त्यांना रडू कोसळलं. ताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्यांना सहन होईना.

त्याच दुपारी ते डॉक्टरांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. सात फोटो, स्पिती, डिस्क, पडद्याची हिरवी झाक, मृणालचा ताईंवरचा राग, सगळं. डॉ. मुल्लांनी पेन टेबलावर ठेवलं.

"मी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं, तारळेकर."

"हो."

"तुमच्या बायकोच्या डोक्यात आम्ही तुमच्या सांगण्यावरून एक खोटी गोष्ट विणली. आणि पुढचं तर त्याहून वाईट." त्यांनी पडद्यावर मृणालच्या मेंदूचा आलेख आणला. "हे बघा, हे टोक. मोठं दुःख आहे. 'ज्याने यायचं तो आला नाही.' हे मेंदूज्वराने जळलं नव्हतं. ते तुमच्याबद्दल होतं. पण साच्यात तुम्ही हजर होतात, म्हणून ते तुम्हाला चिकटू शकलं नाही. मग जवळच्यांपैकी फोटोत कोण नाही, ते त्याने शोधलं. तुम्ही ताईंना फोटोतून काढलंत, आणि तुमचा अपराध आपोआप त्यांच्या नावावर गेला."

श्रीनिवासरावांची मान वर होईना. "उलटवता येईल का?"

"आठवण काढली की तिची गाठ पुन्हा सहा तास सैल होते. त्या वेळात मूळ फोटो दाखवू. ताई आपल्या जागी परत येतील." डॉक्टर थांबल्या. "अडचण वेगळीच आहे. तो राग ताईंपासून सुटेल आणि मोकळा राहील. मोकळं टोक जे पहिलं सापडेल त्याला चिकटतं, माझ्या नर्सला, तुमच्या मुलीला, कोणालाही. त्याला खरी जागा दाखवायला साचा हवा. पण फोटोत असलेला माणूस दिसतो, नसलेला दिसत नाही. तुम्ही तिथे नव्हतात, याचा फोटो आणायचा कुठून? असा फोटो जगात नसतो."

श्रीनिवासरावांनी मान वर केली.

"आहे," श्रीनिवासराव म्हणाले. "माझ्याकडे आहे."

घरी येऊन त्यांनी आधी केतकीला बेंगळुरूला फोन लावला. तिलाही तोच अल्बम बघत वाढवलं होतं, आणि बाबांच्या छातीवर आपण जगलो हे ती मैत्रिणींना अभिमानाने सांगायची. त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"आत्याला हे माहीत होतं?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मी आज रात्रीच तिच्याकडे जाते," केतकी म्हणाली आणि फोन ठेवला. त्यांच्याकडे येते असं ती म्हणाली नाही.

मग त्यांनी डिस्क लावली. ताईचे सातही फोटो जसेच्या तसे छापले. जाड चष्मा, विस्कटलेले केस, आणि गळ्याखाली मुठीएवढं डोकं. आठवा फोटो त्यांनी एकोणचाळीस वर्षांत कोणाला दाखवला नव्हता. स्पर्धेला पाठवला नव्हता, छापलाही नव्हता. त्यांनी काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो होता. त्याचा त्यांनी आज ब्राइटनेससुद्धा बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणालच्या कपाळाला कंपपट्टी बांधली होती. सातवा फोटो होईपर्यंत तिचा श्वास जड झाला होता. "ताई," ती पुटपुटत होती, "अगंबाई, ताई होत्या... पाय बधिर व्हायचे त्यांचे." तरीही तिने श्रीनिवासरावांचा हात घट्ट धरला होता. काचेमागे डॉक्टरांच्या आलेखावर ते मोकळं टोक थरथरत जागा शोधत होतं.

श्रीनिवासरावांनी आठवा फोटो तिच्या मांडीवर ठेवला.

करड्या कड्यावर हिमबिबट्या उभा होता. शेपटी दगडावर सोडलेली, नजर सरळ कॅमेऱ्यात. वर स्वच्छ निळं आकाश.

"किती देखणं जनावर आहे हो!" मृणाल म्हणाली. सगळा जन्म फोटोग्राफरच्या घरात काढलेली बाई ती; तिची नजर मग कडेकडेने फिरली आणि खालच्या कोपऱ्यात थांबली. तिथे डोंगरउतारावर रस्त्याची एक रेघ होती, कोरडी. त्या रेघेवरून एक छोटी पिवळी गाडी खाली उतरत होती.

"रस्ता चालू आहे," ती म्हणाली.

"हो."

"कधी काढलात हा?"

"अकरा जानेवारीला. केतकी चार दिवसांची होती."

"तुम्ही तर म्हणाला होतात, बर्फाने वाट अडली."

"बर्फ बारा तारखेला पडला, मृणाल. तुझा निरोप मला आठ तारखेलाच मिळाला होता. ही गाडी रोज सकाळी जायची. मी चार दिवस तिला जाताना बघत होतो."

मृणालने त्यांच्याकडे पाहिलं. एका हाताचं ते अंतर तिच्या डोळ्यांत परत आलं, आणि श्रीनिवासरावांनी ते ओळखलं. तिने त्यांच्या बोटांतून आपला हात सोडवून घेतला.

"ताई कुठे आहेत?" तिने विचारलं.

"बाहेर बसल्यात. केतकीने आणलंय त्यांना."

"त्यांना आत पाठवा," मृणाल म्हणाली. "आणि तुम्ही बाहेर थांबा."

ते उठले. काचेमागून डॉ. मुल्लांनी त्यांच्याकडे बघून हळूच मान हलवली. टोक जागेवर बसलं होतं.