आधी तू पी

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. माझे वडील आणि बहिजाकाकू दोघेही आज हयात आहेत. दोघेही या विषयावर बोलत नाहीत, म्हणून मी सांगतेय.

जून महिना होता. भर दुपार.

काकांचं घर इराकमधल्या हिल्ला शहराजवळ, बाबिलोनच्या पडक्या भिंतींना लागून. शाकिरकाका तिथेच राखणदार होते. उन्हात तिकडे कुणी फिरकत नसे, तेव्हा जुन्या महालाच्या मोठ्या दालनात सावली बघून ते जरा आडवे व्हायचे.

याच महालात सिकंदर वारला म्हणतात. कुणी म्हणतं तापाने, कुणी म्हणतं जवळच्याच माणसाने प्याल्यात विष घातलं. शेवटी त्याची वाचा गेली होती. नुसते डोळे हलत होते, आणि त्याचे सैनिक एकेक करून त्याच्यासमोरून मुकाट्याने गेले.

काका या गोष्टीची टिंगल करायचे.

त्या दुपारी ते पाय ओढतच घरी आले. मी सुट्टीला आले होते, काकूबरोबर भेंडी चिरत होते. काकांचं अंग नुसतं भाजत होतं.

ते म्हणाले, झोप लागली होती... आणि पावलं वाजली. एक माणूस गेला. मग दुसरा. मग थांबेचनात. प्रत्येक जण त्यांच्यापाशी क्षणभर थांबायचा.

"कोण होते?" मी विचारलं.

"डोळे उघडले तर कुणीच नाही. पावलं मात्र चालूच."

काकूने पाणी आणलं. काकांनी ग्लास ओठाला लावला...

आणि तिच्याकडे बघत राहिले.

"आधी तू पी."

काकूला वाटलं, चेष्टा करताहेत. "लग्न झाल्यापासून माझ्याच हातचं खाताय. आज विष घालीन होय?"

काका हसले नाहीत.

तिने अर्धा ग्लास पिऊन दाखवला. तरी त्यांनी घेतलं नाही.

ताप चढत गेला. डॉक्टरांनी लावलेली सलाइनची सुई त्यांनी उपटून काढली. मग वाचा गेली.

नुसते डोळे हलत होते.

दुसऱ्या दिवशी बगदादहून माझे वडील आले. आल्या आल्या त्यांनी उशाचा ग्लास उचलून हुंगला. मी ते पाहिलं. काकूनेही पाहिलं. मग बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, काका काय जेवले होते, कुणी रांधलं होतं, नवराबायकोत काही वाजलं होतं का.

मी नाही म्हणाले. पण त्या संध्याकाळी काकूने वाढलेला भात मी हात न लावता परत ठेवला.

दोन दिवसांनी सकाळी काकांचा श्वास थांबला. डॉक्टरांनी नाडी बघितली, छाती तपासली आणि मान हलवली.

सूर्य मावळायच्या आत नजफच्या पवित्र कबरस्तानात नेऊन दफन करायचं, असं बाबांनी ठरवलं. मयताला आंघोळ घालणारे अबू करार आले. बाबांबरोबर आत गेले...

आणि लगेच ओल्या हातांनी बाहेर आले.

"मी याला हात लावणार नाही."

डॉक्टरांनी सांगितलंय, असं बाबा चिडून म्हणाले.

"सांगितलं असेल. अंग गरम आहे. आणि तोंडावर पाणी ओतलं की हा ओठ घट्ट मिटून घेतोय."

काकूने आत जाऊन काकांच्या कपाळावर हात ठेवला. म्हणाली, थांबू या. बाबा म्हणाले, लोक काय म्हणतील.

"पुरायची घाई तुम्हाला झालीय, भावोजी. मला नाही."

बाबा बाहेर निघून गेले.

आम्ही थांबलो. वीज गेली. खोली भट्टीसारखी तापली, म्हणून काकांची खाट अंगणात काढली. दुसरा दिवसही गेला...

वास नाही.

एक माशीसुद्धा नाही.

सिकंदराचं प्रेतही म्हणे असंच कित्येक दिवस ताजं राहिलं होतं. हात लावायला माणसं घाबरत होती. हे आमच्या सगळ्यांच्या मनात आलं, पण बोललं कुणीच नाही.

त्या संध्याकाळी बाबा फाटकाबाहेर होते. मी काकांना वारा घालत होते. अंगणाच्या दाराला आतून कडी होती.

तरी अंगणात पावलं वाजली.

एक... मग दुसरं... खाटेपाशी येऊन थांबायचं, पुढे जायचं. दिसत कुणीच नव्हतं. 

काकू उठली. खाटेच्या आडवी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "हा माझा शाकिर आहे. तुमचा राजा इथे नाही. जा बाबांनो."

पावलं थांबली.

बराच वेळ काहीच वाजलं नाही. मग मागून कुणीतरी खोल श्वास घेतला...

काकांनी डोळे उघडले होते.

काका बरे झाले. डॉक्टर म्हणाले, आपलीच चूक झाली असेल. घरात पुन्हा पहिल्यासारखं हसणंखिदळणं सुरू झालं.

एका दुपारी काकांनी आपणहून विषय काढला. दालनातल्या त्या पहिल्या दिवसाचा. बाबा दारात बुटाची नाडी बांधत होते.

काका म्हणाले, माणसं दिसली नाहीत हे खोटं होतं. दिसली होती. सगळी परकी. प्रत्येक जण थांबून डोळ्यांत बघायचा.

"शेवटचा तेवढा ओळखीचा होता. तो माझ्याकडे न बघताच गेला."

काकूने विचारलं, कोण?

काका दाराकडे बघत राहिले.

बाबांनी मान वर केली नाही. चहा न घेताच ते निघाले, आणि त्यानंतर त्या घरी पुन्हा गेले नाहीत.

पहिल्या दिवशी, त्या भर दुपारी, बाबा बगदादला होते. निदान ते तसं सांगतात.

खरंच असेल. माझे वडील आहेत ते.

पण मी त्यांना अजून विचारलेलं नाही.